डाव मांडला की सगळे सारखे

(साने गुरुजींच्या स्मृतिदिनी, 11 जून रोजी, नशिराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मिरग लागला आहे. कुणाची बियाण्यांची जुळवाजुळव चालू आहे, कुणाची कपाशीची लागवड. शाळेची पुस्तकं, वह्या, गणवेश यांची खरेदीही याच आठवड्यात. अशा घाईच्या दिवसांत संध्याकाळ मोकळी काढून तुम्ही व्याख्यानाला आलात, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

आज साने गुरुजींचा स्मृतिदिन. 11 जून 1950 रोजी गुरुजी आपल्यातून गेले. मार्च 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने एक ठराव केला आणि 11 जून हाच दिवस आंतरराष्ट्रीय खेळ दिन म्हणून जाहीर केला. हा खेळ पदकांचा आणि सामन्यांचा नव्हे. अंगणात, ओट्यावर, गल्लीत मुलं जे खेळतात, तो हा खेळ. ठराव करणाऱ्यांना अमळनेरच्या शाळेतला एक शिक्षक ठाऊक असण्याचं कारण नाही. पण मुलांच्या सुखासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा दिवस आणि मुलांच्या खेळाचा दिवस एकाच तारखेला यावेत, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून आज गुरुजींना स्मरून घरातल्या खेळाबद्दल बोलायचं ठरवलं आहे.

गुरुजी 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले. पुढे तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या ते झाडत, मुलांचे कपडे धूत, मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. मोठ्या माणसाने मुलांच्या बरोबरीला बसायचं म्हणजे काय, हे त्या छात्रालयात खानदेशाने पाहिलं. पुढे नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी 1933 मध्ये, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकाची रचना आठवा. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. दिवसाची कामं आटोपली, प्रार्थना झाली की आश्रमातली मंडळी जमतात आणि श्याम गोष्ट सांगतो. सगळ्यांनी एकत्र बसायची एक वेळ ठरलेली आहे, म्हणून गोष्ट पुढे सरकते. ती बैठकच काढून घेतली तर पुस्तक उभं राहणार नाही.

आपल्या घरातून नेमकी ही बैठक गेली आहे. माणसं घरातच आहेत, वेळही थोडाफार आहे. पण संध्याकाळी वडील कारखान्यातून किंवा शेतातून येतात आणि हातपाय धुऊन मोबाइल घेऊन बाजेवर आडवे होतात. आईचा स्वयंपाक मालिकेच्या आवाजात होतो. मुलगा वरच्या खोलीत, मुलगी कोपऱ्यात, आणि आजी कुणीतरी बोलेल म्हणून दारातल्या खुर्चीवर. कुणाचं भांडण नाही, कुणाचा राग नाही. एका छपराखाली पाच माणसं पाच ठिकाणी असतात, एवढंच. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. पण जे आपोआप झालं ते आपोआप सुटणार नाही. त्यासाठी काही ठरवावं लागेल.

ठरवणारं एक गाव आपल्याच महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून साधारण तीन हजार वस्तीचं गाव आहे. कोरोनाच्या काळात तिथल्याही मुलांची शाळा मोबाइलवर भरली. शाळा पुन्हा उघडली, पण मोबाइल हातातून सुटेना. मुलांबरोबर मोठी माणसंही टीव्ही आणि मोबाइलला चिकटली. मग विजय मोहिते सरपंच असताना गावात महिलांची ग्रामसभा झाली. आधी बायांनी विषय उचलून धरला आणि 15 ऑगस्ट 2022 पासून गावाने एक नेम सुरू केला. संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या मंदिरावर भोंगा वाजतो. तो वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा होतो, तोवर बंदच. मधल्या दीड तासात मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला गावातले काही पुरुष हसले. मग शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी दारोदार फिरले, लोकांना समजावलं. हळूहळू गावाला सवय लागली आणि या दीड तासाची बातमी देशाबाहेरही गेली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची कळकळ खरी आहे आणि दोन्ही गावांना माझा नमस्कार आहे. पण या दोन वाटांत मोठा फरक आहे. एका वाटेवर नियम मुलांसाठी आहे. दुसऱ्या वाटेवर भोंगा वाजला की आजोबांपासून नातवापर्यंत, सरपंचापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांच्या हातातला मोबाइल खाली जातो. माझा कौल वडगावच्या वाटेला आहे. मुलगा बापाचं ऐकत नसेल, पण बापाकडे पाहत असतो. बाप स्वतः पडद्यात डोकं घालून ‘मोबाइल ठेव’ म्हणाला, तर त्या बोलण्याला वजन राहत नाही.

मंडळी, आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. घरातल्या माणसांना जवळ यायचं असेल तर दिवसातून किंवा आठवड्यातून थोडा वेळ सगळ्यांनी एकाच नियमाखाली बसलं पाहिजे. असं बसण्याची माणसाने शोधलेली सगळ्यात सोपी रीत म्हणजे खेळ.

कसं, ते सांगतो. आपल्याकडचा अष्टाचंग घ्या. कुणी त्याला चल्लस-आठ म्हणतं. खर्च शून्य. ओट्याच्या फरशीवर खडूने पाच आडव्या, पाच उभ्या ओळी अशा पंचवीस घरांचा चौकोन काढायचा. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुल्या. चार कवड्या, त्या नसतील तर चिंचोके मधोमध फोडून त्यांच्या चार फाका, एक बाजू काळी आणि एक पांढरी. सोंगट्या म्हणून कुणाची बांगडीची काच, कुणाचे तुरीचे दाणे, कुणाचे खडे. चिंचोके हातात खुळखुळवून टाकायचे. जेवढे पांढरे वर तेवढी घरं पुढे. चारही पांढरे आले तर चार, चारही काळे आले तर आठ आणि वर आणखी एक दान. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कुणी हात लावायचा नाही. फुलीबाहेर सापडली तर मारायची, आणि एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरायचं नाही. घरोघरी यात थोडा फेरफार असतो. आमच्याकडे असं नव्हतं म्हणून भांडण होतं, आणि ते भांडणसुद्धा खेळाचाच भाग असतं.

आता या चौकोनाभोवती कोण बसलं आहे ते पाहा. एका बाजूला आजी, समोर सातवीतली नात, डावीकडे वडील, उजवीकडे आई. घरात एरवी वडिलांचा शब्द चालतो. इथे चिंचोक्यांचा चालतो. वडिलांना दोन पडले तर दोनच घरं. नातीला आठ पडले की ती उठून नाचते आणि बापाची घराजवळ आलेली सोंगटी उचलून बाहेर ठेवते. बापाला ते मुकाट्याने सोसावं लागतं, कारण नियम त्यालाही आहे. आणि आजी, जिला एरवी ‘तुला नाही कळत’ असं दिवसातून कितीदा ऐकावं लागतं, ती इथे सगळ्यांत मुरलेली खेळाडू असते. कोणती सोंगटी हलवायची आणि कोणती फुलीवर दबा धरून ठेवायची, हे तिला आधीच दिसतं.

मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. शाळेत त्याला वरून शिकवलं जातं, घरी वरून सांगितलं जातं. खेळात तो मोठ्यांच्या बरोबरीने बसतो, त्यांना हरवतो, आणि हरवूनही ते आपल्यावर रागावत नाहीत हे पाहतो. हरलेला बाप हसत ‘चल, अजून एक डाव’ म्हणतो, तेव्हा हरणं ही काही जगबुडी नव्हे हे मुलाला न सांगता कळतं. परीक्षेतल्या एका अपयशाने कोलमडणारी मुलं आपण पाहतो, तेव्हा मला हे हरण्याचं शिक्षण फार महत्त्वाचं वाटतं. आणि ज्या बापाबरोबर मुलगा खेळला, त्याच्याजवळ मनातली अडचणही तो लवकर बोलतो.

हे केवळ माझं मत आहे असं समजू नका. 2018 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या डॉक्टरांना सांगितलं की लहान मुलांच्या तपासणीच्या वेळी औषधाच्या चिठ्ठीवर खेळही लिहून द्या. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाच्या वर नको, त्याहून कमी तेवढं चांगलं. बालहक्कांच्या जागतिक कराराचं 31वं कलम खेळणं हा मुलाचा हक्क मानतं. भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारला. म्हणजे खेळ हे अभ्यास उरकल्यावर द्यायचं बक्षीस नाही. तो मुलाचा हक्क आहे.

आपल्या खानदेशाला हे बाहेरून शिकावं लागू नये. आपलं सगळं वर्षच अशा बैठकांनी भरलेलं होतं. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपली की सगळ्यांचे कान टवकारतात, कारण आता खाऊ ओळखायचा असतो. घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते आणि तो हलवते. खडखड वाजला तर फुटाणे का शेंगदाणे? काहीच वाजलं नाही तर शिरा, नाहीतर लाडू घट्ट बसवलेत? कुणी डब्याजवळ नाक नेतं, कुणी स्वयंपाकघराकडे पाहून अंदाज बांधतं. घरची बाई दिवसभर विचार करून असा काही खाऊ करते की पोरींना तो ओळखूच येऊ नये. चाळिशीची बाई आणि दहा वर्षांची मुलगी या खेळात समोरासमोर असतात. जळगावात आजही भुलाबाईचा महोत्सव भरतो, मुली हौसेने भाग घेतात. पण भुलाबाईची खरी जागा मंचावर नाही, ती शेजारणीच्या घरात आहे. तिथे ती परत बसली पाहिजे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, निंबाला झोके बांधले जातात, सासरचं ओझं उतरवून लेकी गातात. हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी होते. बामणोदची हिरवी वांगी येतात, पऱ्हाट्यांचा जाळ होतो, एक जण वांगी भाजतो, दुसरा सोलतो, लाकडी बडगीत तिसरा ठेचतो, पोरं हिरव्या मिरच्या आणि कांद्याच्या पाती निवडतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण त्या जाळाभोवती सगळं खानदान कामाला लागतं, मला त्याचाही तेवढाच अभिमान वाटतो. उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, पापड यांसाठी शेजारपाजारच्या बाया एकमेकींकडे जातात. मुलं लाट्या पळवतात, वाळवणाची राखण करतात. हेही खेळच आहेत. हाताला काम असलं की तोंड आपोआप मोकळं होतं.

याच आखाजीची दुसरी बाजूही आपण जाणतो. पैसे लावून रात्र रात्र चालणाऱ्या पत्त्यांनी आपल्या भागातली कितीतरी घरं पोळली आहेत. 2025 मध्ये केंद्र सरकारने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तोही अशाच कारणांसाठी. म्हणून स्पष्ट सांगतो, ज्या डावात पैसा आला तो मी म्हणतो तो खेळ नव्हे. घरच्या डावात हरणाऱ्याचं काही जात नाही. पैशाच्या डावात हरणाऱ्याच्या घराची भाकर जाते.

आता तुमच्या मनातल्या अडचणी मला दिसतात. पहिली, वेळ. भुसावळच्या रेल्वेत, दीपनगरच्या वीज केंद्रात, वरणगावच्या आयुध निर्माणीत, इथल्या सिमेंट कारखान्यात पाळीची नोकरी करणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. वडील रात्रपाळीला असले तर सात वाजताचा भोंगा त्यांच्या काय कामाचा? त्यांनी आपल्या सुटीचा वार धरावा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा, पण ठरलेलं आणि न चुकणारं. ठरलेल्या वेळेची ताकद काय असते, हे धुळ्याच्या तुरुंगाने दाखवलं आहे. 1932 साली 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, दर रविवारी विनोबा तिथे गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. ते शब्द उतरून घेणारा हात साने गुरुजींचा होता. तुरुंगात, परक्या सरकारच्या पहाऱ्यात, आठवड्यातल्या एका ठरलेल्या वेळेतून ‘गीता प्रवचने’ उभी राहिली. मग आपल्या स्वतःच्या घरात आठवड्यातला एक तास का मिळू नये?

दुसरी अडचण बाया बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो. सगळे खेळायला बसले आणि आई मात्र चुलीपाशी राहिली, तर तो घरचा खेळ नव्हे. त्या दिवशी खिचडी करा, सकाळचं गरम करा, मुलांनी ताटं घ्यावीत, वडिलांनी भांडी घासावीत. आईची जागा चौकोनाच्या कडेला पहिली राखून ठेवा. जिच्या जिवावर घर चालतं तिला घरातल्या आनंदातून वगळून कुठलं नातं घट्ट होणार?

तिसरी अडचण, मोबाइलशिवाय आता चालत नाही. खरं आहे. कुणाचा मुलगा पुण्यात, कुणाची लेक सुरतला. मोबाइलवर तिचं तोंड दिसतं म्हणून आई शांत झोपते. बाजारभाव, हवामान, शाळेचा निरोप, सगळं त्यातच येतं. मी मोबाइलचा वैरी नाही. त्याची कामं त्याने करावीत. पण घरातल्या माणसांचा जो थोडा वेळ आहे, तो त्याने मागू नये आणि आपण देऊ नये.

शेवटची अडचण, खेळ आठवत नाहीत. आजोबांना विटीदांडूत डाव कसा मोजायचा ते ठाऊक असतं, आजीला गजगे कसे झेलायचे ते. मधल्या पिढीला अर्धवट आठवतं, मुलांना नावही माहीत नसतं. इथे मी पुढे बसलेल्या मुलांकडे वळतो. बाळांनो, हे काम तुमचं आहे.

इथून जवळच आसोदा आहे. तिथे 1880 साली बहिणाबाई जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, घरकामात त्यांच्या ओठी गाणी येत. ती वाऱ्यावर गेली असती. पण त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ती कागदावर उतरून ठेवली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या हाताने ती गाणी पुस्तक होऊन महाराष्ट्राला मिळाली. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. घरातल्या मुलांनी कान दिला आणि लिहून ठेवलं, म्हणून हे झालं.

तुम्हीही एक वही करा. आजी-आजोबा कोणते खेळ खेळत, त्यांची घरं कशी आखत, कोणता डाव बाद धरत, भांडण झालं तर निवाडा कोण करत असे, ते विचारा आणि लिहा. चौकोनाची चित्रं काढा. तुमच्या शेजारी दुसऱ्या जातीचं, दुसऱ्या धर्माचं घर असेल तर त्यांच्याकडेही जा. गोट्या, भोवरा, लगोरी यांना आळी आणि मोहल्ला असा भेद नाही. लिहून झालं की तो खेळ आजीबरोबर एकदा खेळून पाहा. खेळल्याशिवाय नियम पूर्ण कळत नाहीत, आणि कुठे चुकलं ते आजी तुम्हाला खेळतानाच सांगेल.

आणि मोठ्यांना माझी विनंती आहे. शाळा सुरू होण्याआधी, याच आठवड्यात, घरातल्या सगळ्यांनी बसून एक वेळ ठरवा. मुलांना विचारून ठरवा, त्यांच्यावर लादू नका. त्या वेळी सगळ्यांत आधी मोबाइल बाजूला ठेवायचा तो घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने. गल्लीतल्या चार घरांनी मिळून ठरवलं तर फारच उत्तम, मुलांना सवंगडी मिळतील आणि मोठ्यांना नेम मोडायला लाज वाटेल. भुलाबाई बसेपर्यंत तीन महिन्यांहून अधिक काळ हाती आहे, सवय लागायला तेवढा पुष्कळ झाला. भाद्रपदी पौर्णिमेला नशिराबादच्या गल्लीगल्लीत डबे वाजू द्यात, आणि मुलांच्या वह्यांचं एक प्रदर्शन याच सभागृहात भरवा. तुम्ही ते भरवणार असाल तर मी त्या दिवशी इथे हजर राहीन, आणि कोणत्याही मुलाने बोलावलं तर त्याच्याबरोबर डावाला बसेन.

गुरुजींना स्मरून आपण एवढं करू या.